पंचांची शिट्टी

कोल्हापुरातल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पंच दिनकर सासने यांनी पेनल्टी दिली, ती नेमकी त्यांच्या जन्मपेठेच्या संघाला. पंच झाल्यापासून सव्वीस वर्षं ते हंगामात त्या पेठेत चहासुद्धा प्यायले नव्हते.

नियमाप्रमाणे ते निर्णय तपासायला मैदानाकडेच्या पडद्याशी गेले. यंदापासून कॅमेरे नुसता धक्का बघत नव्हते, त्यामागचा हेतूही वाचत होते. निकाल पंचांनीच माइकवर सांगायचा होता.

"बचावपटूचा धक्का लागलाच नाही," त्यांनी वाचलं आणि ते थबकले.

"पुढं काय आलंय, सर?" लाइनमन सुतारनं विचारलं.

पुढं लिहिलं होतं, 'पंचांची शिट्टी मुद्दाम.'

"नाही रे. आईशपथ, मला धक्का दिसला," सासने म्हणाले.

पडद्यावर तिसरी ओळ उमटली, 'विधान असत्य.'

सासन्यांनी ती दोनदा वाचली. सव्वीस वर्षांत त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.