न खायचं प्यादं

पटाखालचं यंत्र भास्करराव सामंतांची प्रत्येक खेळी त्यांच्या जुन्या डावांशी ताडून मेंदू तपासत होतं. ही तिसरी, शेवटची चाचणी होती. नापास झाले, तर त्यांना यापुढे घरी एकटं राहता येणार नव्हतं. नियमानुसार समोर ओळखीचाच खेळाडू लागे, म्हणून लेक शर्वरी बसली होती.

पांढरी मोहरी त्यांच्याकडे होती. त्यांनी चाळीस वर्षं खेळलेली किंग्ज गॅम्बिट ही सुरुवात मांडली आणि डावाला जोर यावा म्हणून एक प्यादं बळीला पुढे केलं. शर्वरीने ते न मारता उंट काढला. या बचावात सापळा असतो. पांढऱ्याने काळ्याचं मधलं प्यादं खाल्लं, की पांढऱ्याचाच डाव संपला. हे भास्कररावांनीच तिला शिकवलं होतं.

त्यांचा हात त्याच प्याद्याकडे गेला.

"बाबा, घाई नाही," ती म्हणाली.

"सुचवू नका हं, चाचणी बाद होईल," यंत्रापाशी बसलेली परिचारिका म्हणाली.

भास्कररावांनी प्यादं उचललं. "फुकट सोडलंस की गं!"

शर्वरी त्यांना वाचवायला मुद्दाम चुकीचं खेळली असती, तर तेही यंत्राला कळलं असतं. तिने वजीर तिरका सरकवून शह दिला. यंत्रावर नापासाचा तांबडा दिवा लागला.

"थांब, मार्ग सापडेल," म्हणत भास्करराव पटावर ओणवले. दिवा त्यांना दिसलाच नाही.