सहीचं बदक

"दारू पिता?" न्यायाधीश थॉर्नसाहेबांनी विचारलं.

"सणासुदीला एक पेला. थंडी फार असली तर दोन," अर्सली म्हणाली.

शेजारी बसलेले दुसरे न्यायाधीश खुदकन हसले.

नव्या राणीचा हुकूमच तसा होता. पाद्र्याला लग्न करायचं तर खुशाल करावं, पण आधी दोन न्यायाधीशांनी बाई पारखून तसा कागद द्यावा. घोडीचे दात बघतात तसं, असं बाजारात लोक म्हणायचे. अर्सलीला त्याचं काही वाटत नव्हतं. कागद मिळाला की रविवारी चर्चमध्ये लग्न, आणि मग पाद्री ॲन्सेल्मच्या घरात उजळ माथ्याने राहायचं. सहा वर्षं तिने याच दिवसाची वाट पाहिली होती.

ॲन्सेल्म टोपी हातात धरून दाराशी उभा होता. आत या म्हटलं तरी आला नाही.

"पंचेचाळिशीत लग्नाची हौस बरी आली?" थॉर्नसाहेबांनी अर्सलीला विचारलं.

"हौस कसली, साहेब? ह्यांचं नि माझं लग्न झालेलंच आहे."

"कागद मिळायच्या आधीच 'ह्यांचं'?"

"पाच वर्षं संसार केलाय! पोरगेला राजा होता तेव्हा चालत होतं ना. आमची सिसली त्याच घरात जन्मली. दोन वर्षांची होऊन गेली बिचारी. मग आधीची राणी आली, आणि पाद्र्यांनी बायका सोडाव्यात असा हुकूम आला. ह्यांचं चर्चही गेलं."

गादीवरचं माणूस बदललं की चर्च बदलायचं, गावाला सवय झाली होती. मूर्ती काढा, मूर्ती लावा. घरातल्या माणसांचं काय करायचं, ते कुठल्याच हुकमात नसायचं.

"मग सोडचिठ्ठी झाली?"

"ह्यांनीच लिहिली. मला कुठे वाचता येतं? नवरा-बायको म्हणून सुखाने राहिलो, आता राणीच्या हुकमाखातर वेगळे होतो, एवढंच. वाचून दाखवताना दोनदा थांबले. आवाजच फुटेना." अर्सलीने डोळे पुसले. "मी खाली बदक काढलं. बदकं पाळते ना, तीच माझी सही. एक पाय काढला, दुसरा काढायच्या आत ह्यांनी कागद ओढून घेतला. शाई पसरेल म्हणाले. आमचं बदक लंगडंच राहिलं."

"आणि पाद्रीबुवांना नवं चर्च कधी मिळालं?"

"तीन आठवड्यांत! बाकीचे पाद्री दारोदार हिंडत होते. देवाची कृपा, दुसरं काय."

ती सहा वर्षं तिने बारा मैलांवर एका विधवेकडे पिसं उपटण्यात काढली. दर वर्षी एक उशी ॲन्सेल्मला पाठवली. तिथल्या बायका तिला तोंडावर पाद्र्याची रखेल म्हणायच्या. "रखेल नाही, बायको," ती ठणकावून सांगायची. "बिशपकडे कागद आहे. माझी सही आहे त्यावर."

थॉर्नसाहेबांनी खाली मान घालून एका कागदाची घडी उलगडली.

"बिशपच्या कचेरीतून हा आलाय, बाई. ऐका. 'मी अर्सली, शपथेवर सांगते की पाद्री ॲन्सेल्म यांच्याशी माझं लग्न कधीच झालेलं नाही. मी बदचालीची बाई असून मीच त्यांना नादी लावलं. मेलेली मुलगी त्यांची नव्हती.'"

अर्सलीला हसूच आलं.

"हा दुसऱ्याच कुणाचा दिसतोय, साहेब. माझ्या कागदावर बदक आहे." ती दाराकडे वळली. "तुम्ही सांगा ना हो त्यांना!"

ॲन्सेल्म टोपीकडे बघत राहिला.

थॉर्नसाहेबांनी कागद तिच्यासमोर फिरवून ठेवला. तळाशी एका पायाचं बदक उभं होतं.