शितांनी चिकटलेली पानं

"तुमी माही वही वाचलीच नव्हती, सर."

केवळराम माईकवर बोलला आणि धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या सभागृहात सगळ्या माना सरांकडे वळल्या. सर आत्ताच भाषण करून बसले होते. हे हस्तलिखित पहिल्यांदा मीच वाचलं, या दगडाला पैलू मीच पाडले, असं सांगून. हार अजून गळ्यात होता.

केवळरामनं पिशवीतून जुनी वही काढली. १९९९ साली त्यानं ही कादंबरी सरांच्या साहित्य संस्थेला छापण्यासाठी पाठवली होती. पाठवायच्या आदल्या दिवशी एक पान फाटलं. बायकोनं, रुक्माबाईनं, ते भाताच्या शितांनी जोडलं. शितं जास्त झाली, आजूबाजूची चार पानं एकमेकांना चिकटून बसली. तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. दोन वर्षांनी वही परत आली. सोबत सरांची चिठ्ठी होती, 'अक्षर न् अक्षर वाचलं. ही बोली आहे, साहित्य नव्हे.'

केवळरामनं तेव्हाच वही चाळली. चार पानं तशीच चिकटलेली.

त्यानं ती सोडवली नाहीत. त्यांतला मजकूर आठवून दुसऱ्या वहीत लिहिला. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून पुस्तक काढलं आणि बाजाराच्या दिवशी वांगी-टमाटरांच्या मधात पोतं अंथरून विकायला बसला. लोक आधी हसले. मग वाचू लागले. रोवणीच्या, भातलावणीच्या, दिवसांत बाया शिदोरी सोडून बसल्या की एखादी मोठ्यानं वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. अकरा वर्षांत चार आवृत्त्या संपल्या. आज पाचवीचं प्रकाशन, म्हणून तर सर आले.

"जुनी गोष्ट आहे, केवळराम. लोकांसमोर कशाला काढता?" सर हळू आवाजात म्हणाले.

"तुमी लोकायसमोरच बोलले ना?"

त्यानं वही सरांच्या हातात दिली. सर नखानं पानं सोडवायला लागले. कागद फाटत होता, सुटत नव्हता.

"राहू द्या. वाचलं म्हणता, मंग आता कायले उघडून राहिले? याच चार पानांत गोष्टीतली जमुना तलावाचं पाणी सोडते."

पहिल्या रांगेत सुलोचनाबाईनं पुढचं सांगायला हात वर केला. तिला सही येत नव्हती, अंगठा द्यायची. तिच्या मागं आणखी हात वर झाले, दहा, वीस, मग मोजता येईनात. केवळरामनं सगळ्यांना थांबवलं.

"तुमी नोका सांगू, मावशी. सरायले सांगू द्या. बोला सर, जमुनानं पाणी कायले सोडलं?"