गरळूची कडी

बाळ खांद्यावर एकदाचं झोपलं होतं. घर असं चिडीचूप, की आईने पंख्याचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं. तेवढ्यात खट् झालं. मोठीच्या खोलीची कडी. आतून.

आईला काही कळेना. आत्ताच तर तिने ते दार सताड उघडून ठेवलं होतं, आणि तेही केवढ्या हौसेने. आठ दिवस ते बंद ठेवा, बंद ठेवा म्हणून सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून तिचा घसा बसला होता. मोठीला कांजिण्या आणि बाळ दोन महिन्यांचं. ताट बाबाने आत न्यायचं आणि आईने दाराबाहेरच्या बोळातूनच हात हलवायचा. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, खपल्या धरल्या सगळ्या, पोरगी मोकळी. आणि मोकळ्या पोरीने स्वतःच कडी घातली.

आई दाराला टेकून खाली बसली.

"उघड ना गं."

"नाही."

"माझ्यावर रागावलीस?"

"नाही."

"मग काय झालं?"

"मी गरळू आहे."

गरळू म्हणजे गेममधला. करमणूक व्हावी म्हणून बाबाने माळ्यावरून आपला जुना व्हिडिओ गेम काढून दिला होता. रानावनात हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेचे अचाट प्राणी पकडायचे आणि आपल्या टोळीत घ्यायचे. त्याचे म्हणे सहा भाग आहेत. मोठीच्या हाती पहिल्याच दिवशी गरळू लागला. वांग्यासारखा जांभळा, टम्म फुगलेला, अंगभर ठिपके. विषारी. आईची माहिती इथे संपत होती. पण पोर गरळू झाली असेल, तर समजूतही गरळूचीच घालायला हवी.

"बरं, गरळूबाई, तुमचं विष उतरलंय. डॉक्टरांनी सांगितलंय."

आत थोडा विचार झाला.

"गरळूचं उतरत नसतं."

"औषध दे की त्याला. असेल ना तुझ्या त्या गेममध्ये."

"आहे. हिरवी बाटली. पण ती दुसऱ्यांसाठी. गरळूबरोबर चार पावलं चाललं की त्यांच्या जिवाचा एक बदाम जातो ना, त्यांना द्यायची."

"आणि त्याला स्वतःला?"

"त्याला कशाला? तो आजारी नाहीये." आवाजात आता शिक्षिका आली. "आजारी असतो तो बरा होतो. गरळू विषारी आहे. तुला कळतच नाही काही."

खरंच कळत नव्हतं. सहा वर्षांची पोर दाराआडून तिला आजारी आणि विषारी यांतला फरक शिकवत होती, आणि तिच्या डोक्यात उजेड म्हणून पडत नव्हता. आठवत होतं ते एवढंच की आठ दिवसांपूर्वी मोठी बाळाचा पापा घ्यायला वाकली होती आणि तिच्या मानेवर पहिला फोड दिसला होता. लांब हो त्याच्यापासून, असं आईच ओरडली होती. दंड धरून ओढलंही होतं. त्यानंतर पोरीच्या अंगाला आईचा हात लागला नव्हता.

तिने हळूच फोन लावला.

"तुझ्या गरळूने कडी घातलीय," ती कुजबुजली. "जवळच येऊ देत नाही. काय करू?"

"दुसरा विषारी पाठव," बाबा म्हणाला. मागे प्रिंटरची घरघर चालू होती. "विषारीला विष चढत नाही. बाकी कुणी टिकत नाही त्याच्यापाशी."

"मी गंमत करत नाहीये."

"मीपण नाही. शाळेत असताना दोन वर्षं सांभाळलाय मी त्याला."

पस्तिशीच्या माणसाशी काय बोलायचं, हेही तिला कळेना. तिने फोन ठेवला. बाळ खांद्यावर चुळबुळलं, पुन्हा निवलं. मग तिने दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"ऐक ना. मीपण विषारी आहे."

दाराआड पावलं जवळ आली.

"कशावरून?"

"मी तुझ्याएवढी होते तेव्हा मलाही आल्या होत्या. खूण आहे माझ्याकडे. पण ती दारातून दिसायची नाही."

मग स्टूल फरफटल्याचा आवाज आला आणि कडी निघाली. दार चार बोटं उघडलं. फटीत एक डोळा आणि अर्धा गाल, त्यावर काळ्या खपल्या.

आईने मोकळ्या हाताने केस मागे सारले. कपाळाच्या टोकाला, केस सुरू होतात तिथे, डाळीएवढा खड्डा होता.

मोठी हात पाठीमागे बांधून बघत राहिली. मग एक हात सुटला. त्याचं एक बोट पुढे आलं आणि खड्ड्यावर टेकलं. तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. आईला काही झालं नाही.

आणखी चार मोजून झाले, तरी काही झालं नाही.

तेव्हा ती बाहेर आली, आईच्या रिकाम्या कुशीत शिरली आणि सगळा भार टाकून बसली. आठ दिवसांत ती हलकी झाली होती. केसांना खाजेवरच्या औषधाचा वास येत होता. आईने त्या केसांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले. गरळूचं डोकं गरम नव्हतं, काही नव्हतं. आपल्याच पोरीचं डोकं.

जरा वेळाने ते डोकं वर झालं. मोठी आईच्या दुसऱ्या खांद्याकडे बघत होती. बाळाची मूठ आईच्या गळ्याशी विसावली होती.

"आई," ती बाळ उठू नये अशा बेताने म्हणाली, "मग तू त्याला कशी घेतेस?"