उजव्या भिंगाची कडी

आकाशात क्रौंचांची साद घुमली तशी मालिनीताईंनी नवऱ्याची दुर्बीण डोळ्यांना लावली. भूतानमधल्या या मठाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय क्रौंच खोऱ्यात उतरत नाहीत, असं तो सांगायचा. ते बघायचं त्याचं राहूनच गेलं. म्हणून वर्षश्राद्ध उरकून त्या एकट्याच आल्या होत्या.

पण दुर्बिणीतून सगळं धूसर दिसत होतं.

"द्या मॅडम," म्हणत म्हाताऱ्या गाईडने ती घेतली आणि उजव्या भिंगाची कडी फिरवली. "ही दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना लावलेली होती. आता बघा!"

क्रौंच लख्ख दिसले. ताईंनी मात्र दुर्बीण लगेच खाली घेतली.

"होती तशी परत लावून द्याल?"

"त्याला ज्यांची दुर्बीण आहे, तेच हवेत," गाईड हसला. "पुढच्या वर्षी घेऊन या त्यांना."