गाडीचं पाणी

"ही पाणी किती पिता?" भाईने विचारलं.

म्हापशाहून फियाट घेऊन आलेला गाड्यांचा दलाल फॉस्टिन छाती फुगवून म्हणाला, "खंयचें उदक, भाई! एकदां भरलें की म्हयनोभर पळोवंक नाका!"

"रंग बरो नाय," भाई म्हणाला आणि सरळ घरात निघून गेला.

सुभद्राने कपाळावर हात मारला. भावाने नापसंत केलेली ही तिसरी गाडी. पहिली बसायला बुटकी, दुसरीचा भोंगा रडका आणि हिचा रंग वाईट. मुलगी बघायला गेलेला मुलगासुद्धा एवढी नावं ठेवत नाही!

जुनी गाडी अंगणात माडाखाली उभी होती. लांब नाकाची, चार दारांची, विलायती. पण जात शर्यतीची. मुंबईतला एक साहेब सत्तेचाळीस साली मायदेशी जाताना ती भाईला विकून गेला. भाई तेव्हा बोटीवर इंजिनियर होता. भरात असताना ती कसालचा चढ असा चढायची की रस्त्यावरच्या कोंबड्या पिसं टाकून पळत. आता तिची दारं कुरकुरत आणि ब्रेक तिच्या मनात आलं तर लागत.

तरी भाई तिला सोडीना. सुभद्राला त्याचं कारण ठाऊक होतं. पुढच्या सीटवर मथुरावहिनीने स्वतः शिवलेली गादी होती. मथुरा गेली आणि भाई सहा महिने उंबऱ्याबाहेर पडला नाही. जेवण ताटात तसंच राहायचं. मग एका एकादशीला तो उठला, गाडी काढली आणि वालावलला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला गेला. तेव्हापासून एकही एकादशी चुकली नाही. माणूस जेवायला लागला, दाढी करायला लागला. त्या गाडीनेच भावाला जगवलं, हे सुभद्रा मानत होती. पण तीच गाडी एक दिवस त्याला घेऊन जाणार, ही धास्तीही तिच्या पोटात होती.

त्यात ते पाणी! दर खेपेला वालावलच्या वळणावर 'तापली' म्हणत भाई गाडी थांबवायचा. बोटीची अजस्र इंजिनं दुरुस्त करणारा भाई गाडीची सगळी दुखणी घरीच बरी करायचा. ही एक गळती मात्र त्याला काही सापडत नव्हती. वळणावर यशोदाबाईची विहीर होती. यशोदाबाई शाळेत शिवण शिकवायची. नवरा तारवावर गेला तो परत आलाच नव्हता. गाडी थांबली की ती कळशी भरून आणायची. गाडीला पाणी, भाईला गूळ-पाणी. मग भाई पायरीवर बसून इंजिन थंड व्हायची वाट बघायचा.

"बिचारी यशोदा," गाडीत बसल्या बसल्या सुभद्रा म्हणायची. "आमच्या म्हातारेक पाणी पाजून पाजून तिचे हात दुखले असतीत. माका तर लाज वाटता रे!"

"काय करतलंस," भाई म्हणायचा. "गाडी जुनी झाली."

शेवटी कुडाळच्या बाजारात ब्रेक लागलाच नाही. गाडी कुंभाराच्या मडक्यांत घुसली. माणसं वाचली, मडकी गेली. घरी येताच सुभद्रा भावासमोर उभी राहिली.

"आज मडकी फुटली, उद्या डोकी फुटतली!" ती म्हणाली. "एक तर ती गाडी रवात, नायतर मी!"

भाईने अंगणातल्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "घेवन ये तुका होयी ती."

फॉस्टिनने पाठीत इंजिन असलेली एक जर्मन गाडी आणली. "अक्का, हिका उदकूच नाका. वाऱ्यान थंड जाता!"

"पाणीच नको? मग हीच!" सुभद्राने दुसरी बघितलीसुद्धा नाही. यशोदेच्या मागचा त्रास तरी सुटेल.

जुनी गाडी फॉस्टिन चालवत फाटकातून बाहेर घेऊन गेला. भाई ती गादी मांडीवर घेऊन ओसरीवर बसून राहिला. सुभद्राच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मथुरेक ईसरूक जमणा नाय ना रे तुका?" ती म्हणाली.

आठवड्याने फॉस्टिन कागदपत्रं घेऊन आला, तो नवल करतच. "तुमची म्हातारी म्हापशा पावली. वाटेर एक थेंब उदक घालूंक पडलें ना!"

"एक थेंब पाणी नाय लागला? बघा मेलीक!" सुभद्रा म्हणाली. "घर सुटल्यार शहाणी झाली!"

एकादशी आली. भाई जायला तयार नव्हता. सुभद्रानेच त्याला हाताला धरून गाडीत बसवलं. नवी गाडी गुरगुरत निघाली. ना दारांची कुरकुर, ना ब्रेकची धास्ती. वालावलचं वळण आलं. यशोदाबाई विहिरीवर भरली कळशी घेऊन उभी होती. अनोळखी गाडी बघून तिने कळशी खाली ठेवली. गाडी तिच्यासमोरून पुढे गेली.

थोडं पुढे जाऊन भाईने करकचून ब्रेक लावला.

"काय झाला रे? ही पण तापली?" सुभद्राने विचारलं.

भाई उतरला आणि चालत मागे गेला. सुभद्रा काच खाली करून बघत राहिली.

"नवी गाडी बरी आसा," यशोदाबाई पदर सारखा करत म्हणाली. "हिका पाणी लागणा नाय, म्हणतत."

"नाय लागणा."

"मगे कित्याक थांबलास, भाईनु?"

भाईने डोक्यावरची टोपी काढली.

"त्या गाडयेक पण कधी लागूक नाय, यशोदाबाय," तो म्हणाला. "तहान माकाच लागलली."