शेवटचा येईपर्यंत

“पाय टेकवू नको, पोरा. दम तुटला तं तुटू दे, पाय टेकवू नको.”

शाळेत असताना मोहटेकडीच्या चढावर सायकल दामटताना ऐकलेला मुखरूभाऊंचा हा आवाज हेमराजच्या कानातून अजून गेला नव्हता. आता त्याच्या मिशीत पांढरं आलं होतं, चंद्रपूरच्या त्यांच्या सायकल मंडळाचा तो म्होरक्या झाला होता. तरी टेकडीचा पायथा आला की तो पुन्हा तोच पोरगा व्हायचा.

आज मात्र डोक्यात दुसरंच घोळत होतं. आज नईमचा निकाल लावायचा होता.

नईम पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचा. अपघातात गुडघ्यात सळी बसली, तेव्हापासून तो बॅटरीची सायकल चालवत होता. जाड टायर, जाड दांडी, दांडीच्या पोटात बॅटरी. मंडळातल्या गुलाबनं पहिल्याच रविवारी त्याचं नाव ‘इस्त्री’ ठेवलं. “आली का इस्त्री? गरम झाली का?” नईम हसून घ्यायचा.

बॅटरी एक वेळ चालली असती. हेमराजला सलत होतं ते वेगळंच. सपाटीवर नईम सगळ्यांबरोबर असायचा आणि चढ लागला की मुद्दाम मागं पडायचा, मुखरूभाऊंच्या जवळ. सत्तरीला टेकलेला माणूस घामानं निथळत चढतोय आणि हा आपला बटण दाबून त्याच्या पाठीशी. वर पोचल्यावर पुन्हा उजवा खांदा चोळत उभा राहायचा, जणू सगळी मेहनत यानंच केली.

नईम मंडळात येण्याआधीच्या वर्षी भाऊंचे कितीतरी रविवार बुडाले होते. कधी धानाची कापणी, कधी घरी पाव्हणे. नईम आला आणि भाऊंचा एकही रविवार चुकेना. बॅटरीवाल्याला दाखवून द्यायच्या जिद्दीनं म्हातारा पेटला, असं हेमराज चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

पायथ्याशी त्यानं सगळ्यांना थांबवलं.

“नईम, आज तू सगळ्याच्या पुढं.”

“मी मागंच बरा, हेमराजभाऊ.”

“काऊन? मागं काय पुरून ठेवलं हाय तुहं?”

“पुढं गेला तं बटन दिसते ना त्याचं,” गुलाब म्हणाला.

नईमनं मुखरूभाऊंकडे पाहिलं. भाऊ रुमालानं हँडलवरची घंटी पुसत होते. घंटी स्वच्छच होती.

“जा,” ते म्हणाले. “म्होरक्या म्हणते तं जा.”

“आणि वर गेल्यावर ठरवून टाकू,” हेमराज म्हणाला, “बॅटरी मंडळात ठेवाची का नाई ते. तुमचं काय म्हणणं, भाऊ?”

भाऊ पुन्हा घंटी पुसू लागले. हेमराजनं तो होकार धरला.

“निघा तुमी,” भाऊ नेहमीसारखंच म्हणाले. “मी माह्या तालात येतो.”

रस्त्यावर मोहाची फुलं टपटपली होती. सायकलींच्या चाकाखाली ती चिरडत होती आणि गोड, जड वास चढाबरोबर वर येत होता. पुढं नईम, मागं बाकीचे.

माथ्यावर कमळाबाईची टपरी. इथं मंडळाचा रिवाज ठरलेला होता. शेवटचा माणूस आल्याशिवाय चहा ओतायचा नाही. आणि मागं राहिलेल्याला आणायला कुणी खाली उतरायचं नाही. उतरणं म्हणजे त्याला हरलेला म्हणणं.

चहा उकळला. कमळाबाईनं आच कमी केली, मग पुन्हा वाढवली.

“ओतू का जी?”

“भाऊ येऊ दे.”

“भाऊ मागं हायत?” तिचा हात थांबला. “मले वाटलं सगळे आले. आज मोह वेचाले एक बाई गेली नाई, दादा. पहाटे खालच्या वळणावर वाघीण होती. संग पिलं हायत.”

नईम उठला. त्यानं सायकल खालच्या दिशेला वळवली.

“बस,” हेमराज म्हणाला.

“भाऊ एकटे हायत.”

“तू नव्हता तवाबी एकटेच येत होते. त्यायले आणाले खाली जातेस? त्यायची इज्जत काढतेस?”

“मले मंडळातून काढा,” नईम म्हणाला. “पण जाऊ द्या.”

तेवढ्यात खालच्या रानात वानरं खाकरली, वाघ दिसल्यावर खाकरतात तशी. एकदा. मग पुन्हा, आणखी जवळून.

नईम थांबलाच नाही. हेमराजनं शिवी गिळली आणि सायकल त्याच्या मागं घातली. बाकीचेही निघाले, घंट्या वाजवत, आरोळ्या ठोकत. प्रत्येक वळणावर हेमराजला वाटायचं, आता दिसतील, इथं तरी दिसतील. वळण संपायचं आणि रस्ता रिकामाच.

अगदी शेवटच्या वळणावर, चढ जेमतेम सुरू होतो तिथं, सायकल आडवी पडली होती. मुखरूभाऊ ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. अंगावर ओरखडाही नव्हता. नुसती छाती भात्यासारखी हलत होती.

नईमनं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली. रानात कुठंतरी पाचोळा वाजला, मग शांत झाला.

“वाघिणीपायी थांबले ना, भाऊ?” हेमराजनं विचारलं. “बरं केलं. नाई तं तुमी कायले थांबता?”

“वाघीणच असन,” नईम घाईनं म्हणाला. “वानरं ओरडून राह्यली होती. कोणीबी थांबला असता.”

सगळ्यांनी माना हलवल्या. गुलाबनं भाऊंची सायकल उचलून उभी केली.

“याले मी आता आपल्यात ठेवत नाई,” हेमराज म्हणाला. “याच्या नादात आज तुमचा तालच गेला.”

भाऊंनी नईमकडे पाहिलं. नईमनं हळूच मान हलवली, नको म्हणून.

“वाघीण मले दिसलीच नाई, हेमराज,” भाऊ म्हणाले. “हा आला तवापासून या चढावर माह्या पाठीवर याचा हात असते. आज नव्हता.”